उतरेल म्हणून थांबलो

बुधवार, अकोला. संध्याकाळचे साडेसात.

आज पुन्हा सराफ्यातून रिकाम्या हातानं परत आलो. प्राचीचं लग्न महिन्यावर आलं, आणि पोरीच्या पाटल्या अजून व्हायच्याच आहेत. सुनंदा दिवाळीपासून सांगून राहिली, "घेऊन टाका." माझं आपलं एकच, "थांब, भाव उतरेल." उतरला का? आज सराफानं भाव सांगितला आणि मी अर्धा चहा तसाच ठेवून उठलो.

पैसे आहेत, पण शेअरमध्ये. ऑफिसात सगळ्यांनी घेतले म्हणून मीही घेतले. कोणी सांगितलं होतं? आता विकावे तर सरळ नुकसान, न विकावे तर पाटल्या नाहीत. दिवसभर मोबाइल उघडतो. लाल आकडे. जेवताना उघडतो, तरी लालच. चिडू तरी कोणावर?

घरी आल्यावर सुनंदाला म्हटलं, "आणखी आठ दिवस पाहू."

ती पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी पाहा. म्या माह्या पाटल्या मोडून पोरीच्या करायले टाकल्या."

तेव्हा तिचे हात पाहिले. नुसत्या काचेच्या बांगड्या. लग्नापासून त्या पाटल्या कधी उतरल्या नव्हत्या.

"कधी काढल्या?"

"गेल्या सोमवारी. निघत नव्हत्या, तं साबण लावून काढल्या. तुमी समोरच बसून मोबाइल पाहून राह्यले होते."

केव्हाचा आठवून पाहतोय. साबण आठवत नाही, तिचे हात आठवत नाहीत. त्या सोमवारी बाजार किती पडला, ते मात्र बरोबर आठवतं.