पाहुण्याला पांढरे मोहरे

प्रिय रवी,

नऊ रविवार झाले, मी कोराडीला आलो नाही. तू कारण विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगतो. मी रागावलो होतो.

पॉवर स्टेशनच्या कंट्रोल रूममध्ये आपण एकत्र नोकरीला लागलो, तेव्हापासूनचा तुझ्या घरचा नियम: पाहुण्याला पांढरे मोहरे. त्यामुळे एकतीस वर्षं पहिली चाल माझी. मी राजापुढचं प्यादं दोन घरं सारायचो आणि तू वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं एकच घर. कॅरो-कान बचाव, दर रविवारी. मी चिडवायचो, "काहून गा, दुसरं काही येत नाही का तुले?" तू म्हणायचास, "घर मजबूत आहे, तर कायले बदलू?" आपण निवृत्त झालो, माझे केस गेले, वहिनी गेल्या, पण ते प्यादं काही एका घरापुढे गेलं नाही.

आणि दसऱ्यानंतरच्या रविवारी तू तेच प्यादं दोन घरं सारलंस. सिसिलियन! मी इतका गांगरलो की वजीरच गमावला. वाटलं, गडी नातवाच्या मोबाइलवर चोरून शिकतोय. मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. सीताबर्डीला जाऊन जुन्या पुस्तकांच्या ढिगातून सिसिलियनवरचं पुस्तक आणलं आणि आठवडाभर घोकलं. पुढच्या रविवारी तू राजापुढचं प्यादं एक घर सारलंस, म्हणजे फ्रेंच. ते घोकून आलो, तर वजिरापुढचं दोन घरं, स्कँडिनेव्हियन! एवढ्या वर्षांच्या दोस्तापासून ही लपवाछपवी? "तू मले फसवून राहिला," म्हणून मी डाव अर्धवट टाकून उठलो. तू नुसता हसलास. ते हसू मला फार झोंबलं.

परवा मेट्रो स्टेशनवर तुझी सून रोशनी भेटली. मी ताठ्यातच विचारलं, तुझ्या सासऱ्यानं आणखी कोणते बचाव शिकून ठेवलेत? तिला रडूच कोसळलं. डॉक्टर काय म्हणाले, ते मला तिथे उभ्याउभ्या कळलं. तू आता तिलाच कधीकधी वहिनींच्या नावानं हाक मारतोस म्हणे. रवी, तू नवं काही शिकत नव्हतास. जुनं हातून निसटत होतं, आणि मी समोर बसून तुझे डावपेच शोधत होतो. एवढी लाज मला स्वतःची कधी वाटली नव्हती.

जाताजाता ती आणखी एक सांगून गेली. दर रविवारी सकाळी तू पट मांडतोस, पांढरे मोहरे दाराकडच्या खुर्चीपुढे लावतोस आणि जेवणाची वेळ होईपर्यंत तिथेच बसतोस. कोणाची वाट पाहता, असं विचारलं तर तुला नाव सांगता येत नाही. "पाहुणा येऊन राहिला," एवढंच म्हणतोस.

म्हणून हे पत्र. रोशनी तुला वाचून दाखवेल. येत्या रविवारी दहाच्या बसनं मी येतोय. राजापुढचं प्यादं दोन घरं सारीन. तू हवं ते प्यादं हलव, हवी तितकी घरं हलव. घोडा उंटासारखा तिरपा नेलास तरी मी हरकत घेणार नाही. मला माफ कर. आणि मला ओळखलं नाहीस तरी घाबरू नकोस. दाराकडच्या खुर्चीवर येऊन बसेल, तो मीच.

तुझाच,
चंद्रभान