कुरतडलेल्या पानावरचा बेडूक

सूचौ, १२ एप्रिल

चि. युनशंगला ताईचा आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. अक्षराला हसू नकोस. मी बरी आहे, तुझे भावोजीही बरे आहेत. मांजरीला परत पिल्लं झाली. शेजारणीनं हिरव्या पिठाच्या उंड्या दिल्या, गोड कमी होत्या, तोंडावर सांगितलं तर फुगलीय.

आता त्या कमळपानाचं. गू गुरुजींच्या लिहायच्या मेजासाठी तू कमळपानाच्या आकाराचं जेडचं भांडं करत होतास, कुंचला धुवायचं. उजेड आरपार दिसायला हवा म्हणून घासत सुटलास आणि भोक पाडलंस. तुला काम शिकवणारे भावोजी, पण एक शब्द बोलले नाहीत, आणि तू निघून गेलास. त्यापेक्षा मारलं असतं तर तू राहिला असतास.

मला वाटलं, त्यांनी तो दगड फेकला. कुठलं! खिडकीत ठेवून रोज बघत बसायचे. मी म्हणायची, "बघून भोक बुजणार आहे का?" तर म्हणायचे, "गप गं, अजून काही दिसत नाही."

या हिवाळ्यात दिसलं एकदाचं. त्यांनी पान पालथं घातलं आणि भोकाची कड कुरतडल्यासारखी केली. आता ते अळीनं खाल्लेलं पान झालंय. त्या खाचेत कुंचला टेकला की घरंगळत नाही. पाणी राहत नाही, तर न राहो.

गुरुजींनी ओला कुंचला ठेवून पाहिला. म्हणाले, "अरे, मला हेच तर हवं होतं!" लबाड म्हातारा. पण चहा पुन्हा पुन्हा मागत होता, म्हणजे खूश.

तरी नेलं नाही. पानाच्या कडेला दगडाच्या सालीचा तांबूस डाग आहे ना, तिथं तू बेडूक काढणार होतास. तो अजून नुसता डागच आहे. "बेडूक येऊन बसला की नेईन," म्हणाले.

मी ह्यांना म्हटलं, "करून टाका की!" तर म्हणाले, "तो बेडूक युनशंगचा आहे."

मोठे आले! खरं काय ते ऐक. त्यांचा उजवा हात आता थरथरतो. चहा मांडीवर सांडतो. दगड घासायच्या चाकाला हात लावणं सोडलंय. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण थरथर जायची नाही. लिहू नकोस म्हणून मला दम दिलाय.

घरात कोणी रडत बसलेलं नाही हं. ते उन्हात बसून कालव्यावरच्या नावाड्यांच्या खोड्या काढतात आणि माझ्या हातचे शेवयांचे वाडगे रिकामे करतात. बरं चाललंय आमचं. फक्त तुझं चाक मी पुसते तेव्हा ते माझ्याकडे बघत नाहीत.

तिकडे कारखान्यात फोनच्या काचा घासतोस, म्हणजे हात गंजला नसेल. ये. माफीबिफी मागू नकोस, त्यांना ते ऐकून घेणं जमत नाही. सरळ चाकावर बस, दगड घासायला लागतं ते वाळूचं पाणी मी ओतते. ते बाजूला बसून चुका काढतील. त्यासाठी हात लागत नाही.

डागाला कुणाला हात लावू न देणारी,
तुझी ताई छायफंग