बॉनेटवरचा द्ध

चौसाळा, सोमवार, संध्याकाळ

काल गावच्या सेवा सोसायटीच्या सभेत चेअरमनला विचारले, गुरांच्या छावणीचा पाण्याचा टँकर कुणाच्या उसात रिकामा झाला? बाहेर आलो तर माझ्या गाडीच्या बॉनेटवर खिळ्याने ओरखडलेले: 'गद्धार'.

आज पॉलिशचे यंत्र घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, "भाऊ, चरा वरवरचा हाय. लोकरीच्या पॅडनं समदा निघन. फोमनं नुसती चमक येती."

लोकरीचा हातात घेतलाही होता. पण गद्दारला द्ध? हा द्ध मी कुठे पाहिला?

सोसायटीच्या दाराबाहेरच्या फळ्यावर! चेअरमनच्याच हातचा खडू: 'टँकर रद्ध'.

मग पुसू कशाला? फोमचाच आणला. गाडी लखलखीत करीन, त्या अक्षराला धक्का लावणार नाही. गुरुवारच्या सभेला ती फळ्याखालीच उभी करीन.

भाषण करणार नाही. लोकांना वाचता येते.