अक्काचा गुडघा आणि बिनखिडकीची केबिन

मुक्काम : समुद्र (असं हे लोक म्हणतात)
दिवस सातवा

तीर्थरूप अक्कास,

धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकले नाही, केबिनमध्ये तेवढी जागा नाही, पण भाव तोच समज.) तुझी तब्येत कशी आहे? झोप लागते ना? रक्तदाब काय म्हणतो? जेवण जातं का? आणि गुडघा कसा आहे? गुडघ्याची चौकशी मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, आणि या पत्रातही त्याच्याकडे मी शेवटीच वळणार आहे. तोवर तू पाय उशीवर ठेवून, डॉक्टरांनी सांगितलं आहे म्हणतेस तसं, आरामात वाच. हा कागद जहाजाचा आहे. तो फुकट आहे का, हे मी रिसेप्शनवरच्या दोन वेगळ्या बायकांना दोन वेगळ्या दिवशी विचारलं. दोघींचं उत्तर जुळलं, तेव्हाच लिहायला बसले.

सगळं पहिल्यापासून सांगते, म्हणजे नंतर तुला 'मला काही माहीतच नव्हतं' असं म्हणता येणार नाही. तुझ्या सत्तरीची भेट म्हणून मी ही क्रूझ ठरवली, माझ्या फंडाच्या पैशातून, दोघींसाठी. निघायला सहा दिवस उरले असताना तुझा फोन आला की गुडघ्यानं दगा दिला. मी काही बोलले नाही. (बोलले, पण थोडंच.) सहलवाल्याकडे गेले, तर तो हसतमुखानं म्हणाला, मॅडम, आता पैसे परत नाहीत, आणि तुम्ही पहिल्यापासून एकट्या असतात तरी दोघींचेच लागले असते, कारण केबिन दोघांची असते. म्हणजे बघ, एकट्या बाईनं समुद्र बघायचा तर शेजारच्या रिकाम्या गादीचंही भाडं भरायचं. मी तिथेच ठरवलं. दोघींचे पैसे घेतलेत ना, मग दोघींचं सगळं वसूल करीन. आणि त्यावर वरकड म्हणून एक पैसा देणार नाही.

केबिन सगळ्यांत स्वस्त घेतली होती, हे तुला माहीत आहे. (तेव्हा तू फोनवर नुसतं 'बरं' म्हणाली होतीस. तुझं ते 'बरं' मला तेव्हाच खटकलं होतं.) जहाजाच्या पोटात, दोन भिंतींच्या मधे, खिडकी नाही. पण पडदा आहे! मी मोठ्या आशेनं सरकवला, तर मागे भिंत. ज्या कंपनीला भिंतीला पडदा लावायला लाज वाटत नाही ती आणखी काय काय करत असेल याचा विचार करून मला पहिली रात्रभर झोप नाही. जहाज खरंच चालतंय का, याचीही मला शंका होती. दुसऱ्या दिवशी वर जाऊन पाहिलं तर पाणी. तिसऱ्या दिवशीही पाणी, आणि माझ्या अंदाजानं तेच पाणी. तेल वाचवायला हे लोक एकाच जागी गोल फिरत असले तर कुणाला कळणार आहे? मी पांढऱ्या गणवेशातल्या एका अधिकाऱ्याला तसं विचारलंही. तो हसला. हसणं हे उत्तर नव्हे, असं आपल्या शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या.

पैसे इथे कुणी मागत नाही, हे सगळ्यांत भयंकर. एक कार्ड देतात. तेच दाराची किल्ली आणि तेच पाकीट. कुठेही पुढे केलं की 'टुंग' वाजतं आणि आपल्या नावावर काहीतरी चढतं. मी ते सुरक्षित राहावं म्हणून कपाटातल्या तिजोरीत ठेवलं आणि दार ओढून बाहेर पडले. पुढचं तू समजून घेशील. खोलीत पाण्याची बाटली ठेवली होती, तिच्या गळ्यात छोटी चिठ्ठी, चिठ्ठीवर किंमत. तिला मी लगेच कपाटाच्या टोकाला तोंड भिंतीकडे करून उभं केलं. पाचव्या मजल्यावरची कॉफी विकत आणि अकराव्या मजल्यावरची फुकट, यंत्र मात्र हुबेहूब तेच. मी रोज सहा मजले चढून कॉफी प्याले. (लिफ्ट फुकट आहे, पण लिफ्टमध्ये दागिन्यांच्या दुकानाची जाहिरात बोलते. ऐकण्याचे पैसे लावणार नाहीत कशावरून?) एक फोटोवाला साथीदाराला डॉल्फिनचा पोशाख घालून प्रत्येकाच्या खांद्यावर पंख टाकायला लावतो आणि दुसऱ्या दिवशी तो फोटो विकायला भिंतीवर लावतो. माझ्या सगळ्या फोटोंत मी डॉल्फिनला ढकलताना आले आहे.

आता टॉवेलांचं सांगते, कारण सगळं रामायण तिथून सुरू झालं. इस्पितळाच्या लिनन-खोलीत एकतीस वर्षं काढलेल्या बाईला टॉवेल म्हणजे काय हे कुणी शिकवू नये. घडी मोडली की टॉवेल वापरला गेला. घडी शाबूत असली की शिल्लक. या एका नियमावर मी तीन अधीक्षक आणि अकरा मेट्रन घालवल्या. पहिल्या संध्याकाळी जेवून आले तर तुझ्या खाटेवर हंस! पांढरा शुभ्र, मानेला बाक देऊन बसलेला, दोन मोठे टॉवेल आणि एक नॅपकिन मिळून केलेला. माझ्या डोक्यात घंटाच वाजली. जगात कुणी कुणासाठी फुकट हंस करत नाही. मी त्याला बोट लावलं नाही. अंग पुसायला घरचा टॉवेल होताच. (बिनखिडकीच्या केबिनमध्ये तो कधी वाळला नाही. तिसऱ्या दिवशी त्याला असा वास यायला लागला की केबिनमधला खरा प्राणी तोच वाटावा.) दुसऱ्या दिवशी हत्ती आला. मग ससा, मग माकड, मग पाठीवर बारीक बारीक चुण्या असलेलं कासव. हे सगळं आमच्या केबिनचं बघणाऱ्या गृहस्थांचं काम. पन्नाशी उलटलेले, चष्मा दोरीनं गळ्यात, पावलांचा आवाज नाही. मी त्यांना मनात घडीमास्तर म्हणत असे. मी घडी मोडत नाही हे पाहून त्यांचा समज झाला की या बाईंना कला कळते. ते रोज जास्त अवघड जनावर करायला लागले, आणि मी रोज जास्त घाबरायला लागले.

वरच्या एसीच्या झरोक्यातून धूळ पडत होती. शिल्लक माल झाकून ठेवायचा असतो, त्यामुळे मी सगळी जनावरं तुझ्या खाटेवर ओळीनं निजवली (हत्ती उशीशी, कासव पायथ्याशी) आणि वर तुझी रजई ओढली. एवढंच मी केलं. यात माझं काय चुकलं, सांग?

आता नाश्ता. रात्री दाराला कार्ड अडकवायचं, त्यावर खुणा करायच्या, की सकाळी नाश्ता खोलीत येतो, तोही फुकट. 'किती जण' या रकान्यात मी दोन लिहिलं. दोघींचे पैसे भरले आहेत, लिहीन नाहीतर काय! घडीमास्तर दोघींचं ताट घेऊन आले, रजईकडे पाहिलं, पाऊल आणखी हलकं केलं आणि भुवया वर करून मला विचारलं, झोपल्यात का? अक्का, मी खोटं बोलले नाही, हे तुला शपथेवर सांगते. मी नुसती गप्प राहिले. भुवयांना उत्तर द्यायला आपल्या शाळेत शिकवलंच नव्हतं. मग त्यांच्यासमोर मी दोन नाश्ते संपवणं बरं दिसेना, म्हणून ते गेल्यावर संपवले. चौथ्या दिवशी ते न सांगता गरम सूपचा वाडगा घेऊन आले आणि हळूच म्हणाले, ताईंना बरं नाही का, डॉक्टरांना बोलवू का? मी म्हटलं, नको, तिचा गुडघा दुखतो. हेही खोटं नव्हतं, असं मी तेव्हा धरून चालले होते. सूप चांगलं होतं. टाकायचं का?

सहाव्या दिवशी सकाळी दार वाजलं. दारात सुरक्षा अधिकारी, उंच बाई, हातात फाइल; मागे घडीमास्तर, नजर जमिनीवर. बाई फार गोड आवाजात बोलत होत्या, आणि गोड आवाज मला मुळीच आवडत नाही. म्हणाल्या, तुमच्या केबिनमधला दुसरा प्रवासी जहाजावर चढल्याची नोंदच नाही. पण तो रोज नाश्ता करतो. केबिनच्या बाहेर पडत नाही. हलत नाही. आणि (इथे त्यांनी फाइलचं पान उलटलं) संध्याकाळी तुम्ही त्याच्याशी मोठ्यानं बोलता, पुष्कळदा रागावून, आणि तो कधीच उत्तर देत नाही. मग घसा साफ करून म्हणाल्या, ती रजई जरा बाजूला करता का?

अक्का, आयुष्यभर मी लोकांवर संशय घेतला. लोकांनी माझ्यावर घेतला तर कसं वाटतं हे मला या वयात कळलं, आणि तेही खुनाच्या बाबतीत! मी तावातावानं रजई ओढली. खाली हत्ती, ससा, हंस, माकड, कासव. माकडाच्या डोळ्यांवर माझा वाचायचा चष्मा होता, जो मी दोन दिवस शोधत होते. अधिकारी बाई बराच वेळ बघत राहिल्या. त्यांचं मी मनावर घेतलं नाही. पण घडीमास्तरांकडे मला बघवेना. ज्या आजारी बाईसाठी ते सूप आणत होते, ती म्हणजे त्यांचंच कासव निघालं.

एवढ्यावर सुटका नाही. नियम असा की जो चढला नाही तो जमिनीवर सुखरूप आहे याची खात्री करायची. फोनचे पैसे कोण देणार, हे मी आधी विचारलं. जहाज देणार होतं. मग मी म्हटलं, करा की! बाईंच्या टेबलावर फोन, आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा. तुझ्या सुनेनं उचलला.

"अय्या, मावशी! समुद्रातून बोलताय?"

"अक्का कुठे आहे गं?"

"आई ना? टेकडीवर गेल्यात. रोजच जातात सकाळच्या. आज त्यांचा ग्रुप वरच्या टाकीपर्यंत जाणार होता."

"गुडघा घेऊन?"

"कुठला गुडघा?"

त्यानंतर इतकी शांतता झाली की जहाजाचं इंजिन ऐकू आलं. (म्हणजे जहाज चालतं. एवढी एक शंका फिटली.) पोरीच्या लक्षात आलं असावं. ती बिचारी पडेल आवाजात म्हणाली, "मावशी, मी सांगितलं असं सांगू नका हं. आई म्हणाल्या होत्या, आठ दिवस, खिडकी नसलेली खोली आणि धाकटी. तिन्हींतलं एक जरी कमी असतं ना, तर गेले असते."

अधिकारी बाईंना आपली भाषा येत नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहून काय ते ओळखलं आणि फाइलमध्ये लिहिलं : प्रवासी जमिनीवर, प्रकृती उत्तम.

तेव्हा अक्का, तुझा गुडघा बरा आहे हे कळून मला आनंद झाला. मी अजिबात रागावलेली नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की क्रूझ ही लुटारूंची वस्ती आहे, शहाण्या बाईनं पुन्हा या वाटेला जाऊ नये, आणि कुणी विचारलंच तर माझं नाव सांगून त्यांना परावृत्त कर. मी सात दिवसांत जास्तीचा एक पैसा खर्च केलेला नाही, याची जहाजावर नोंद आहे. सुनेला रागावू नकोस. नातवाला गोड पापा. टेकडी उतरताना जपून.

तुझी,
धाकटी

ता. क. : जास्तीचा खर्च झाला नाही असं वर लिहिलं आहे, ते सहाव्या दिवशीच्या दुपारपर्यंतचं. सहाव्या दिवशी दुपारी मी इथल्या बुकिंगच्या टेबलाशी बसले होते. (एसी चांगला होता म्हणून बसले.) तुझ्या तीन तक्रारींचा मी शांतपणे विचार केला. आठ दिवसांचे सात होत नाहीत, विचारून पाहिलं. धाकटी मी जन्मापासून आहे, त्यात आता फरक पडणार नाही. उरली खिडकी. पुढच्या वर्षीची केबिन घेतली आहे, खिडकीची, दोघींची. खिडकी उघडत नाही, पण पडदा सरकवला की पाणी दिसतं. मी स्वतः जाऊन पडदा सरकवून पाहिलं. आगाऊ भरलेले पैसे परत मिळत नाहीत. अटी मी तीनदा वाचल्या, तिसऱ्यांदा त्या टेबलावरच्या बाईला मोठ्यानं वाचून दाखवल्या. खिडकीकडची खाट तुझी.

ता. क. २ : त्या प्रकारानंतर घडीमास्तरांनी जनावरं बंद केली. दोन टॉवेल, तिहेरी घडी, कड आतल्या बाजूला, आमच्या लिनन-खोलीत करायचो अगदी तशी. इतकी चोख घडी पाहून मला गहिवरून यायला हवं होतं, पण केबिन फार रिकामी वाटली. मग मी हंस घेऊन त्यांच्याकडे गेले, माफी मागितली (तू ही ओळ कुणाला वाचून दाखवू नकोस) आणि म्हटलं, शिकवा. आता मला जमतो. मानेचा बाक मात्र येत नाही, माझा हंस खाली काहीतरी पडलंय असं बघत असतो. पुढच्या वर्षी ताईंना खरंच घेऊन या, असं त्यांनी सांगितलं आहे. सूप ते आणतील.

ता. क. ३ : माझ्या बोलण्याचा तुला त्रास होतो, हे मला ठाऊक नाही असं समजू नकोस. मी पाच दिवस रजईशी बोलून पाहिलं. मजा नाही. कुणी उलट बोलतच नाही. तर पासपोर्टची प्रत आणि तुझं हो किंवा नाही, दोन्ही पत्रानं पाठव. फोन करू नकोस. फोनवर तू खोटं फार छान बोलतेस. पत्रात ते तुला अजून जमलेलं नाही.