दोरीला हात लावलेल्या

बाई, विचारायचं राहिलं आणि माणसं गेली, तर त्यांचं सांगणं आता कुणाकडून आणायचं? मला ह्याचं उत्तर देता येत नाही. आमच्या वाडीच्या रापणीचा, किनाऱ्यावरून ओढायच्या त्या मोठ्या जाळ्याचा, इतिहास मी अर्धा लिहिला होता. मग मणक्याच्या टीबीने दीड वर्ष पाठीवर पडून राहिले आणि तेवढ्या काळात रापण ओढलेल्या तीन म्हाताऱ्या वारल्या. आता पट्टा बांधून स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून लिहिते, कारण फार वेळ बसवत नाही. शेजारी आई मासे कापते. "गो, वही बाजूक घे, बांगड्याचा रगात उडात," म्हणते, आणि मी काय लिहिलं ते वाचून दाखवायला लावते. तिला वाचता येत नाही, पण चूक बरोबर पकडते.

आठवीत मी 'माझे गाव' निबंधात नुसता किल्ला आणि राजे लिहिले होते. तुम्ही वर्गात कायम पुस्तकी मराठी बोलायचात. त्या दिवशी मात्र वही देताना वाकून विचारलंत, "ह्यात तुझी आवस खंय आसा गो?" निबंधात आई कुठेच नव्हती. मी रडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला एक कोरी वही दिलीत. मी बारावीत असताना तुम्ही वारलात, तोवर त्या वहीत मी एक ओळही लिहिली नव्हती.

मी आजारी असताना रापण संघाने पुस्तिका करायला घेतली. माझं सगळं लिखाण त्यात आहे, फक्त बायकांचं पान नाही. पुरुषमाणसं मुंबईला कामाला गेली होती त्या वर्षी सगळी रापण बायकांनी ओढली, ते पान. मी रिक्षा करून संघाच्या मांगरावर, जाळी ठेवायच्या खोपीवर, गेले. अध्यक्षकाका जाळं विणत बसले होते.

"पयली बरी हो, मगे इतिहास लिही," ते म्हणाले. "बायलमाणसा काय रापणकार नाय. दोरयेक हात लावतत, इतक्याच."

"हात लावल्यार वाटो मिळता मां, काका?"

"मिळता तर. वाटेवरचो पावणो हात लावील तरी तेका मासे दितो आमी."

"मगे मासे दितास, आणि नाव कित्याक नाय?"

बाकीचे हसले. एक जण म्हणाला, "शिकलेला चेडू आसा, वाद घालतलाच." काका हसले नाहीत. रापणकारांच्या नावांची यादी छापायला गेली, एवढंच म्हणाले.

हात लावील त्याला वाटा, हा रापणीचा नियम त्यांच्या बापजाद्यांचा आहे, मी केलेला नाही. ज्या दोरीने माझ्या आईच्या तळहाताला घट्टे पडले, तिच्या इतिहासात आई नसेल तर तो इतिहास माझ्या अक्षरात जाणार नाही. काल मी संघाकडून माझं लिखाण मागून परत घेतलं. आज सकाळी एकोणीस बायकांची नावं मोठ्या अक्षरात लिहून मांगराच्या दारावर खळीने चिकटवून आले. घरी येऊन दुपारभर पालथी पडून होते, पाठ धरली होती.

एक सांगायला हवं. दोन माणसांना विचारल्याशिवाय काही लिहू नये, असं तुम्ही शिकवलंत. दारावरच्या नावांतल्या सात नावांना साक्ष एकट्या आईची आहे. तरी मी ती लिहिली.