तिसऱ्या अंकातली बारा पावलं

औरंगाबाद,
माघ शुद्ध दशमी, शके १८५७

चि. सौ. मनकर्णा हिस बन्सीचे आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. आईंची कंबर आता कशी आहे ते कळव. तुझ्या पुंजारामदादांनी पाठवलेली तूर पोचली, भरडून डाळ करून घेतली. हे पत्र मात्र दादांकडून वाचून घेऊ नकोस. अक्षर मुद्दाम मोठं काढतो आहे. वेळ लागला तरी तूच वाच.

सध्या तात्यासाहेब वकिलांच्या नव्या नाटकाची तालीम चालू आहे. शनिवारी छावणीत प्रयोग. नाटकात एकही पद नाही. पात्रं बोलतात, चालतात, आणि पडद्याआडून माझी पेटी आणि रहीमची सारंगी त्यांच्यामागे सूर धरते. ते सूर मी बसवायचे. लोक विचारतात, गाणंच नाही तर बन्सी करतो काय? काय करतो ते माझं मला माहीत. झोप नाही, जेवणात लक्ष नाही. काल दुकानात दुरुस्तीला आलेल्या एका गिऱ्हाइकाच्या पेटीला दुसऱ्याचाच भाता बसवला. मालक दिवसभर घुश्श्यात होते.

अडलं होतं तिसऱ्या अंकात. बायको घर सोडून निघते. ते काम फकिरा करतो. चुलीपासून दारापर्यंत बारा पावलं, तेवढ्याच लांबीची धून हवी. मी रोज नवी करायचो आणि तात्यासाहेब रोज नको म्हणायचे. परवा रहीम म्हणाला, "वो धुन बजाओ ना, भाबी गए सो दिन की."

मी म्हटलं, तू गेलीस त्या दिवशीची धून आता आठवत नाही. रहीम तेव्हा समोरच बसला होता.

तो सारंगीला गवसणी घालत होता. वर न बघता म्हणाला, "याद है तुमको. उस दिन तुमारा हात एक बार रुका था. मैं देखा."

त्याच दिवशी दादांकरवी तुझा निरोप आला, पाडव्याला परत येतेस म्हणून. तू म्हणालीस म्हणे, "त्यांच्यावर काय रागवायचं? पेटीवर बसले की कानाशी ढोल वाजला तरी कळत नाय त्यांना." हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. तेव्हापासून धड बसवत नाही, धड उठवत नाही.

मनकर्णा, मी ऐकलं होतं.

तुझे वडील आजारी, आणि मी 'उद्या जाऊ' म्हणत तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी तूच टांगा बोलावलास. दारातून म्हणालीस, "मी निघते." थांबलीस. पुन्हा म्हणालीस. दोन्ही वेळा मी ऐकलं. नेमकी तेव्हाच ती धून हाताला लागली होती. उठलो तर निसटेल अशी भीती वाटली. हात थांबला आणि पुन्हा चालू लागला. त्याच आठवड्यात वडील गेले. तेव्हाही तुझ्या घरच्यांसमोर 'ती निघाली ते मला कळलंच नाही' म्हणालो, आणि दीड वर्ष तेच म्हणतो आहे. तुझं माहेर चिकलठाणा काही लांब नाही. तुझ्यासमोर हे खोटं पुन्हा बोलवेना, म्हणून आलो नाही.

काल ती धून वाजवली. बारा पावलांत चपखल बसली. दाराशी पोचेपर्यंत फकिरा खरंच रडत होता. तात्यासाहेबांनी पाठ थोपटली. आणि मला आनंद झाला. याची मला त्या दिवसापेक्षा जास्त लाज वाटते.

धून काढून टाकतो, असं लिहायला घेतलं होतं. पण नाही काढणार. शनिवारी ती वाजेल. आता आणखी एक खोटं तुला लिहून पाठवू कशाला?

पाडव्याला यायचं असेल तर हे सगळं जाणून ये. नाही आलीस तर दादांना कारण मी सांगेन, तुला सांगावं लागणार नाही. आईंना नमस्कार.

तू दोनदा सांगून निघालीस, तेव्हा ऐकूनही बसून राहिलेला,
बन्सी