तिसऱ्या कपाची निरवानिरव

मी, वर्किनेश अदमासू, दिवंगत शिफेराव यांची पत्नी, वय सत्तरीच्या पुढे, धंदा पूर्वी शिवणकाम व हल्ली घरात बसून सगळ्यांना सूचना करणे, राहणार जिम्मा, मिकाएलच्या चर्चमागची गल्ली, आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या दडपणाला वा गोडबोलण्याला बळी न पडता, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचं काय करायचं ते सांगते आहे आणि गिझाचौ मास्तर ते लिहून घेत आहेत. मास्तर म्हणतात, "शुद्धीवर आहे" एवढं पुरे. मला ते पुरे वाटत नाही. पुढे असंही लिहा, की काल रात्री मला छान झोप लागली होती. जिनं अर्धं आयुष्य छताचे पत्रे बघत काढलं, तिच्या शुद्धीचा याहून मोठा दाखला कोणतं सरकार देणार आहे?

कलम पहिले. राहतं घर, मागची खोली, अंगण आणि अंगणातलं आंब्याचं झाड माझा मुलगा यारेद आणि सून मेहरेत या दोघांना समान हक्काने मिळावं. समान म्हणजे समान. यारेदनं "मी मुलगा आहे" असं म्हणू नये. ते आम्हाला माहीत आहे. मागची खोली भाड्यानं द्यायची तर खुशाल द्यावी, पण रेडिओ उशाशी घेऊन झोपणाऱ्याला देऊ नये. तो झोपतो, भिंतीपलीकडचे जागतात.

कलम दुसरे. लग्नात आलेला लाकडी पलंग. हाही त्या दोघांना. या पलंगाबद्दल दोन शब्द लिहायला हवेत. माझे यजमान घोरायचे. साधं नव्हे, खिडकीची तावदानं थरथरायची. पहिली काही वर्षं मी त्यांना कोपरानं ढोसलं, मग सवय झाली, आणि पुढे तर तो आवाज सुरू झाल्याशिवाय माझा डोळाच लागेना. ते गेले आणि घोरणं थांबलं. त्या रात्रीपासून माझी झोप गेली ती गेलीच. लोकांना वाटलं बाई दुःखानं जागी राहते. दुःख होतंच, नाही कशाला म्हणू? पण त्या शांततेनं मला जास्त छळलं. मेल्या माणसानं जाताना निदान आवाज तरी ठेवून जावा.

कलम तिसरे, औषधोपचाराचं सामान. पलंगाखाली पवित्र पाण्याचे जे डबे आहेत ते चर्चला परत करावेत. पाण्यात खोट नव्हती, माझ्या भक्तीतही नव्हती, पण आमचे धर्मगुरू अब्बा वोल्दे यांनी पहाटे गार पाणी डोक्यावर ओतल्यावर कोणाला झोप लागेल? (अब्बा इथे साक्षीला बसले आहेत आणि हसत आहेत. हसू देत.) झोपेच्या गोळ्यांची अर्धी बाटली मेहरेतनं दवाखान्यात नेऊन द्यावी. त्यांनी झोप यायची, पण दुसऱ्या दिवशी मी बाही गळ्याला शिवायची. मधाची बरणी कोणीही चाटून संपवावी. माझ्या नणंदेनं, "वहिनी, पूर्वेला डोकं करा," असं सांगितलं म्हणून पलंग फिरवला होता, तेव्हापासून कपाटाचं दार अर्धंच उघडतं. माझ्यामागे पलंग सरळ करावा. आत काय काय आहे ते मलाही बघायचं होतं.

कलम चौथे. भिंतीवरचं घड्याळ यारेदला, सूत कातायची चाती आणि पिंजलेला कापूस मेहरेतला, आणि त्या कापसाची विणून घेतलेली पांघरायची जाड गाबी पुन्हा यारेदला, कारण तो थंडीचा भित्रा आहे. मेहरेत नर्स आहे. लग्न होऊन आली आणि आठवड्याभरात मला म्हणाली, "एमाये, तुम्ही पलंगावर पडून झोपेची वाट बघता, म्हणून ती येत नाही. नाही आली तर उठा, बाहेर बसा, हाताला काहीतरी काम द्या. डोळे जड झाले की मगच आत या. झोप लागो न लागो, सकाळी उठायचं मात्र रोज एकाच वेळी. दुपारी आडवं व्हायचं नाही. आणि ते घड्याळ खोलीतून काढा, त्याच्याकडे बघून तुम्ही रात्रभर हिशेब करता." मी मनात म्हटलं, आली मोठी शिकवायला, काल तर हिला इंजेराची भाकरी उलटता येत नव्हती. (इंजेरा उलटायची नसतेच, हेही तिला ठाऊक नव्हतं.) पण केलं. घड्याळ स्वयंपाकघरात गेलं. रात्री उठून सूत कातायला लागले. हळूहळू फरक पडला. म्हणून चाती तिला. सुनेचं ऐकून सासूचं भलं झालं असं कागदावर लिहून ठेवणारी मी या गल्लीतली पहिलीच असेन.

पण तिची शेवटची अट निघाली आणि घरात ठिणगी पडली. ती म्हणाली, "आणि दुपारनंतर कॉफी बंद."

आता हे सांगतानाही मला घाम फुटतो. कॉफीच्या मळ्यांच्या या जिम्मात राहून दुपारनंतर कॉफी बंद! अहो, झोप येत नाही म्हणून तर मी कॉफी घेत होते. सगळ्या गल्लीनं तोच उपाय सांगितला होता. मध्यरात्री उठायचं, शेगडी पेटवायची, दाणे भाजायचे, कुटायचे, रिवाजाच्या तिन्ही फेऱ्या एकटीनं प्यायच्या आणि पुन्हा आडवं व्हायचं. पाठ टेकली की डोळे टक्क उघडे. मग मी म्हणायची, आज जरा पातळ झाली वाटतं. वर्षानुवर्षं हा प्रकार चालला आणि एकाही शहाण्याला शंका आली नाही. मेहरेतला सांगितलं तेव्हा ती भिंतीला टेकून हसत खाली बसली.

कलम पाचवे, अस्काले देस्ता हिच्याबद्दल. ही माझी शेजारीण. तिच्या आणि माझ्या अंगणामध्ये फक्त एक पत्र्याचं कुंपण आहे, तेही तिच्या बकऱ्यांमुळे. मी या गल्लीत नवी नवरी म्हणून आले तेव्हापासून आमची दुपारची कॉफी एकत्र. एक दिवस तिच्याकडे, एक दिवस माझ्याकडे. यजमान गेले तेव्हा चाळीस दिवस तिनं मला माझी चूल पेटवू दिली नाही. असो.

चार वर्षांपूर्वी तिचा मुलगा देरेजे ट्रक चालवायचा परवाना काढायला निघाला होता. त्या दुपारी तिच्याकडे खास कॉफी. गवत अंथरलेलं, धूप, लाह्या, सगळं. सकाळीच मी मेहरेतला शब्द दिला होता. पहिली फेरी मी हात जोडून टाळली, दुसरीला पोटाचं निमित्त केलं. तिसरी आली. तिसरी म्हणजे बरका, आशीर्वादाचा कप. तो कोणी टाळत नाही. मी कपावर हात ठेवला.

अस्काले म्हणाली, "माझ्या पोराला आशीर्वाद द्यायला तुझी जीभ भाजते का?"

मी म्हटलं, "अगं, झोप लागत नाही मला, म्हणून."

"मी तुला ओळखत नाही का? झोपबीप सगळं थोतांड आहे. सून आली तशी माझी कॉफी तुला कडू लागायला लागली, एवढंच!"

देरेजे परीक्षेत नापास झाला. परीक्षकाच्या खुर्चीवर ट्रक मागे घेतला तर दुसरं काय होणार? पण अस्कालेनं तेही माझ्या हाताच्या माथी मारलं. तेव्हापासून अबोला. ती दुपारी सगळ्यांना हाका मारते, फक्त मला नाही. मीही गेले नाही. कॉफी प्यायची नाही तर कोणत्या तोंडानं जायचं? त्या वर्षापासून मला रात्रीची झोप लागू लागली आणि दुपार खायला उठू लागली. मास्तर, हे जसंच्या तसं लिहा: मला अस्कालेची आठवण येते. कुंपणापलीकडून दाणे भाजल्याचा वास आला की रडू येतं. तिला काही द्यायचं नाही असं ठरवून मी हे कलम सुरू केलं होतं. ते बदलते. कॉफी उकळायचा माझा काळा मातीचा जबना, कपांचा तबकासकट संच, शेगडी आणि तिन्ही नक्षीदार चौरंग अस्कालेला मिळावेत.

इथे कुंपणापलीकडून आवाज आला. अस्काले तिच्या कोंबडीशी बोलत होती. लेकी बोले सुने लागे.

"ऐकलंस का गं कोंबडे? काही लोक मेल्यावर भांडी वाटतात, जिवंतपणी कप घेत नाहीत!"

हेही लिहा, मास्तर. कागदाला कळू दे मी कोणाशेजारी दिवस काढले.

कलम सहावे, अंत्यविधी. मयताची सोय बघणाऱ्या आमच्या इदिर मंडळानं तंबू, बाकं आणि मोठी पातेली नेहमीप्रमाणे द्यावीत. माझी वर्गणी कधी चुकलेली नाही. कर्णा लावू नये. छाती पिटून रडणाऱ्या बायका आल्याच तर आधी शेजारच्या घरात कुणी लहान मूल झोपलंय का ते बघावं. कॉफी तिन्ही फेऱ्या, सगळ्यांना, हात आखडता न घेता. रात्रभर माझ्याजवळ कोणी जागत बसू नये. जागरण म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मी ते वैऱ्यालाही द्यायची नाही. आपापल्या घरी जाऊन झोपा.

खाडाखोडीचा खुलासा. मास्तर म्हणतात, मृत्युपत्रात खाडाखोड असेल तर ती का केली ते लिहावं लागतं. तर ते असं. साक्षीदार चार हवेत. अब्बा आहेत, मास्तर स्वतः आहेत, लोणीवाली झेनेबेच आहे. चौथे इदिरचे चिटणीस येणार होते, ते दुसऱ्याच्या मयताला गेले. यारेद आणि मेहरेत वारस, त्यांची साक्ष चालत नाही. झेनेबेच हळूच म्हणाली, "शेजारी एक माणूस मोकळंच आहे की." मी म्हटलं, मेले तरी बोलावणार नाही. अब्बा म्हणाले, "लेकी, मेल्यावर बोलावून उपयोगही नाही."

कुंपणापलीकडे कोंबडीसुद्धा गप्प झाली होती. मी उठले, पत्र्याजवळ गेले. चार वर्षांत साठवून ठेवलेली बोलणी सगळी विसरले. म्हटलं, "अस्काले, ये ना गं."

ती आली. डोक्यावरून पांढरी ओढणी सारखी केलेली, नाकावर चष्मा. म्हणजे तयारच होती, सटवी. खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "कुठे करायची सही?"

मास्तरांनी तिला समजावलं, "अस्कालेबाई, कायदा असा आहे की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. तुम्ही सही केलीत तर जबना, कप, चौरंग, सगळं जाईल. विचार करा."

"खोडा," अस्काले म्हणाली. "तिची गळकी भांडी घेऊन मी काय करू? माझ्याकडे माझी आहेत."

मी म्हटलं, "अगं, मनापासून दिली होती."

तेव्हा ती माझ्याकडे वळली. "चार वर्षं का नाही आलीस?"

"कॉफी पीत नाही ना मी. येऊन काय करू?"

"बसायचं होतंस! कपावर हात ठेव, डोक्यावर ठेव, काय हवं ते कर! आधी मी काय कॉफीला बोलावत होते का गं? तुला बोलावत होते. एवढी वर्षं शेजारी राहून एवढी अक्कल नाही?"

ती अजूनही म्हणते की झोपेचं सगळं ढोंग आहे, दुपारी कॉफी सोडून कोणाला झोप लागल्याचं तिनं या जन्मात पाहिलेलं नाही. म्हणू दे. उद्या दुपारी मी तिच्याकडे जाणार आहे आणि भाजलेले जव खात बसणार आहे. सबब पाचव्या कलमातलं "जबना" पासून "अस्कालेला मिळावेत" पर्यंत माझ्या संमतीनं खोडलं आहे. ती भांडी मेहरेतला जावीत. कॉफी तिनं सकाळी करावी.

येणेप्रमाणे माझ्या इच्छेनं सांगितलेलं हे मृत्युपत्र इथे पुरं झालं. याआधी कुठे काही लिहिलं असेल, बोलले असेन, रागानं ओरडले असेन, ते सगळं रद्द.

लेखकाची नोंद. कायद्याप्रमाणे मृत्युपत्र सर्वांसमक्ष मोठ्याने वाचायला घेतलं. चौथ्या कलमापर्यंत आलो तेव्हा वर्किनेशबाईंची मान अस्कालेबाईंच्या खांद्यावर कललेली दिसली. त्यांना गाढ झोप लागली होती. मी हाक मारणार, तोच अस्कालेबाईंनी माझ्या हातावर चापट मारली. मेहरेत म्हणाल्या, "दिवसा झोपू देऊ नका, रात्रीची झोप जाईल." त्यांना "तू गप बस, पोरी," असं सांगण्यात आलं. अब्बांना चर्चमध्ये जायचं होतं, तेही बसून राहिले. अस्कालेबाई खांदा न हलवता ओढणीच्या टोकानं माश्या वारत होत्या. जाग आल्यावर मी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं, वर्किनेशबाईंनी सगळं ऐकलं, दोन ठिकाणी माझा उच्चार सुधारला आणि सही केली. — गिझाचौ

मृत्युपत्र करणार: वर्किनेश अदमासू (सही)

साक्षीदार:

१. अब्बा वोल्दे, मिकाएलचं चर्च (सही)

२. गिझाचौ मास्तर, लेखक (सही)

३. झेनेबेच, लोणी विक्री (अंगठा)

४. अस्काले देस्ता, शेजारीण (सही). माझ्या हातानं लिहिते: सही तिनं पूर्ण जागेपणी केली. त्याआधी ती झोपली होती, खरीखुरी, तोंड उघडं टाकून, तेही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दोन्हीला साक्ष माझी.

स्थळ: जिम्मा

दिनांक: ९ येकातित २०१६ (आमच्या पंचांगाप्रमाणे)